हर्न, लॅफ्काडिओ

(२७ जून १८५०–२६ सप्टेंबर १९०४). एकोणिसाव्या शतकातील वृत्तपत्रकार, प्रवासवर्णनकार, अनुवादक व कथालेखक. संपूर्ण नाव पॅट्रिक लॅफ्काडिओ हर्न. जपानी नागरिकत्व स्वीकारल्यानंतरचे नाव कोइझुमी याकुमो. ग्रीक माता व आयरिश पिता यांच्या पोटी जन्मलेला, आयर्लंडमध्ये वाढलेला, अमेरिकेत स्थलांतर करून वृत्तपत्रव्यवसायात नावारूपास आलेला आणि अखेरीस जपानमध्ये स्थायिक झालेला हा लेखक इंग्रजी वाचकांना जपानी लोकजीवनाचा जवळून परिचय करून देणाऱ्या आरंभीच्या लेखकांत गणला जातो. प्रत्येक देशात तो परका म्हणून गेला आणि तेथील सामान्य, बहुधा दुर्लक्षित माणसांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींतून त्याने आपले लेखन उभे केले. आपला कोण व परका कोण, हे ठरविणाऱ्या विवाह व नागरिकत्वविषयक कायद्यांनी त्याच्या आयुष्याला वारंवार वळण दिले. त्याचे चरित्र व त्याचे लेखन यांचा विचार म्हणूनच वेगवेगळा करता येत नाही.

जन्म व बालपण : हर्नचा जन्म आयोनियन समुद्रातील लेफ्काडा बेटावर झाला. त्याचे ‘लॅफ्काडिओ’ हे नाव या बेटावरूनच ठेवण्यात आले. आयोनियन बेटे त्या वेळी ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होती. तेथील ब्रिटिश सैन्यात शल्यचिकित्सक असलेला चार्ल्स बुश हर्न याने मूळच्या किथिरा बेटावरील रोझा कासिमाती हिच्याशी १८४९ मध्ये ग्रीक ऑर्थोडॉक्स पद्धतीने विवाह केला. पुढे चार्ल्सची बदली वेस्ट इंडीजमध्ये झाली आणि १८५२ मध्ये रोझा आपल्या मुलासह डब्लिन येथे सासरी आली. तेथील भाषा, हवामान व चालीरीती यांच्याशी तिला जुळवून घेता आले नाही. १८५४ मध्ये ती ग्रीसला परतली. मातापुत्रांची पुन्हा कधीही भेट झाली नाही. विवाहाच्या करारपत्रावर रोझाची सही नाही, या तांत्रिक कारणावरून चार्ल्सने १८५७ मध्ये हा विवाह रद्दबातल ठरवून घेतला व दुसरा विवाह केला. नव्या पत्नीसह तो नोकरीनिमित्त भारतात सिकंदराबाद येथे गेला आणि १८६६ मध्ये परतीच्या प्रवासात सुएझच्या आखातात हिवतापाने मरण पावला. एका सहीच्या अभावामुळे आपल्या आईचे पत्नीपद नाहीसे झाले, ही गोष्ट हर्नच्या मनात कायम राहिली. वडिलांविषयी त्याला फारशी आपुलकी उरली नाही. आईच्या सावळ्या वर्णाचा व ग्रीक रक्ताचा मात्र तो अभिमान बाळगीत असे.

त्याचे पालनपोषण सेरा ब्रेनन या वडिलांच्या श्रीमंत, कॅथलिक पंथीय मावशीने केले. १८६३ मध्ये त्याला इंग्लंडमधील डरॅमजवळच्या अशॉ येथील सेंट कथबर्ट्स कॉलेजमध्ये घालण्यात आले. तेथे खेळताना झालेल्या अपघातात, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. उजवा डोळाही अधू होता. पुढे आयुष्यभर छायाचित्र काढून घेताना तो डावी बाजू दिसणार नाही अशा रीतीने बसत असे. याच सुमारास ब्रेननबाईंची मालमत्ता एका नातेवाइकाच्या व्यवहारांत बुडाली व हर्नचे शिक्षण थांबले. काही काळ लंडनमध्ये हलाखीत काढल्यावर १८६९ मध्ये त्याला अमेरिकेचे परतीचे नसलेले तिकीट हाती देऊन पाठविण्यात आले.

अमेरिकेतील वृत्तपत्रव्यवसाय : ओहायओ राज्यातील सिनसिनॅटी शहरात एकोणीस वर्षांचा हर्न जवळजवळ निर्धन अवस्थेत पोहोचला. मिळेल ते काम करीत व प्रसंगी तबेल्यात झोपून त्याने दिवस काढले. हेन्री वॉटकिन या मूळच्या इंग्रज मुद्रकाने त्याला आपल्या छापखान्यात आसरा दिला. अक्षरजुळणीचे काम व वाचनाची गोडी त्याला येथेच लागली. वॉटकिनशी त्याचा स्नेह व पत्रव्यवहार दीर्घकाळ टिकला.

१८७२ पासून हर्न ‘सिनसिनॅटी एन्क्वायरर’ या दैनिकासाठी लिहू लागला. नोव्हेंबर १८७४ मध्ये शहरातील एका कातडी कमावण्याच्या कारखान्यात झालेल्या खुनाच्या त्याच्या वृत्तान्तांनी खळबळ उडाली आणि बातमीदार म्हणून त्याचे नाव झाले. भीषण तपशील निर्विकारपणे नोंदविण्याची त्याची हातोटी या वृत्तान्तांत दिसून येते. त्याच वर्षी हेन्री फार्नी या चित्रकाराबरोबर त्याने ‘ये गिगलॅम्प्स’ हे विनोदी साप्ताहिक काढले. ते नऊ अंकांनंतर बंद पडले. हर्नचे या काळातील महत्त्वाचे लेखन मात्र खुनाच्या वृत्तान्तांहून निराळे आहे. ओहायओ नदीच्या धक्क्यावर बोटींतील माल चढविणारे-उतरविणारे कृष्णवर्णीय हमाल, त्यांच्या वस्त्या, त्यांची नृत्ये व गाणी यांविषयी त्याने सविस्तर लिहिले. १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लेव्ही लाइफ’ या लेखात त्याने हमालांच्या गाण्यांचे शब्द प्रत्यक्ष ऐकून उतरून घेतले आहेत. ज्या समाजाच्या गाण्यांची नोंद ठेवावी असे त्या काळी फार थोड्यांना वाटत होते, त्याविषयीचा हा एक मौलिक पुरावा आहे.

जून १८७४ मध्ये हर्नने ॲलिथिया (मॅटी) फोली हिच्याशी विवाह केला. ती केंटकी राज्यात गुलामगिरीत जन्मली होती आणि हर्न राहत असलेल्या खाणावळीत स्वयंपाकीण होती. गोऱ्या व कृष्णवर्णीय व्यक्तींमधील विवाहांना ओहायओच्या १८६१ च्या कायद्याने बंदी होती. हा कायदा १८८७ मध्ये रद्द झाला. त्यामुळे हर्नचा विवाह कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच आला नाही. १८७५ मध्ये ‘एन्क्वायरर’ने त्याला कामावरून काढले, त्यामागे या विवाहाचा बोभाटा हे एक प्रमुख कारण होते. ‘सिनसिनॅटी कमर्शियल’ या प्रतिस्पर्धी पत्राने त्याला कमी वेतनावर घेतले. हा संसार फार काळ टिकला नाही. तथापि मॅटी ही एक उत्कृष्ट कथेकरीण होती. तिने सांगितलेल्या भुताखेतांच्या अनुभवांवरून हर्नने १८७५ मध्ये एक लेख लिहिला. एखाद्या स्त्रीच्या तोंडून ऐकलेली कथा आपल्या गद्यात उतरवावयाची, ही त्याची पुढील आयुष्यातील लेखनपद्धती येथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

न्यू ऑर्लीन्स : १८७७ च्या अखेरीस हर्न मिसिसिपी नदीच्या मुखाजवळील न्यू ऑर्लीन्स शहरी गेला व तेथे सु. दहा वर्षे राहिला. फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी व कॅरिबियन परंपरांच्या मिश्रणातून तेथे घडलेली क्रिओल संस्कृती त्याला विशेष भावली. १८७८ मध्ये तो ‘डेली सिटी आयटेम’ या छोट्या दैनिकाचा साहाय्यक संपादक झाला. या पत्रासाठी तो मजकुराबरोबरच लाकडी ठशांवर कोरावयाची चित्रेही स्वतः काढीत असे. डिसेंबर १८८१ मध्ये दोन पत्रांच्या एकीकरणातून ‘टाइम्स-डेमोक्रॅट’ हे दैनिक निघाले. त्याच्या वाङ्मयीन विभागाची जबाबदारी हर्नवर सोपविण्यात आली. गोत्ये, फ्लोबेर, मोपासां, लोती इत्यादी फ्रेंच लेखकांच्या कथांचे व उताऱ्यांचे अनुवाद त्याने या पत्रातून दिले. गोत्येच्या कथांचा त्याचा अनुवाद १८८२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. लुइझिॲनाच्या दलदलीत मचाणांवर घरे बांधून राहणाऱ्या फिलिपिनो कोळ्यांच्या सेंट मालो या वस्तीवरील त्याचा लेख ‘हार्पर्स वीकली’मध्ये १८८३ मध्ये आला. या वस्तीचे ते पहिले मुद्रित वर्णन समजले जाते.

स्ट्रे लीव्ह्ज फ्रॉम स्ट्रेंज लिटरेचर (१८८४, म. शी. अनोख्या साहित्यातील विखुरलेली पाने) या त्याच्या पुस्तकात ईजिप्शियन, फिनिश, अरबी इ. कथांबरोबर भारतीय कथांचाही समावेश आहे. त्यांत वेताळपंचविशीवर आधारित कथा व गुलबकावलीची कथा या मराठी वाचकांना परिचित अशा कथा आढळतात. हर्नला संस्कृत वा हिंदुस्थानी भाषा येत नव्हत्या. फ्रेंच व इंग्रजी भाषांतरांवरून त्याने या कथांची पुनर्रचना केली. १८८५ मध्ये क्रिओल पाककृतींचा एक संग्रह आणि गोम्बो झेब हा सहा क्रिओल बोलींतील म्हणींचा छोटा कोश अशी त्याची दोन पुस्तके निघाली. ऑगस्ट १८५६ मधील चक्रीवादळात लुइझिॲनाच्या किनाऱ्यावरील लास्ट आयलंड हे विहारस्थान उद्ध्वस्त झाले होते. त्या घटनेवर आधारित चिटा (१८८९) ही त्याची लघुकादंबरी समुद्राच्या वर्णनासाठी नावाजली गेली.

वेस्ट इंडीजचा प्रवास : १८८७ मध्ये ‘हार्पर’ प्रकाशनसंस्थेसाठी लिहिण्याच्या निमित्ताने हर्नने कॅरिबियन बेटांचा प्रवास केला. त्यानंतर १८८९ पर्यंत तो मार्टिनीक या फ्रेंच बेटावरील सॅं-प्येर शहरात राहिला. टू यिअर्स इन द फ्रेंच वेस्ट इंडीज (१८९०, म. शी. फ्रेंच वेस्ट इंडीजमधील दोन वर्षे) हे प्रवासवर्णन या वास्तव्याचे फलित होय. डोक्यावर जड ओझी घेऊन डोंगरातील रस्त्यांनी दिवसभर अनवाणी चालणाऱ्या मालवाहू स्त्रिया, देवीच्या साथीत सापडलेले शहर, घरकाम करणाऱ्या सिरिलिया या प्रौढ स्त्रीच्या श्रद्धा व समजुती यांची त्यातील वर्णने लक्षणीय आहेत. मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांच्या त्रिनिदादमधील एका वस्तीचे चित्रणही त्यात आले आहे. ८ मे १९०२ रोजी पेले ज्वालामुखीच्या उद्रेकात सॅं-प्येर शहर काही मिनिटांत नष्ट झाले व सु. २८,००० लोक मृत्युमुखी पडले. त्यामुळे केवळ प्रवासवर्णन म्हणून लिहिलेला हा ग्रंथ एका लुप्त नगराच्या दैनंदिन जीवनाचा दस्तऐवज ठरला.

जपानमधील जीवन : न्यू ऑर्लीन्स येथे १८८४-८५ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनातील जपानी दालनामुळे हर्नचे त्या देशाविषयीचे कुतूहल वाढले होते. एप्रिल १८९० मध्ये तो ‘हार्पर’चा लेखक म्हणून योकोहामा बंदरात उतरला. बरोबरच्या चित्रकाराला आपल्याहून अधिक मोबदला मिळतो असे समजताच त्याने त्या संस्थेशी असलेला करार मोडला. बेझिल हॉल चेंबरलिन या जपानविद्येच्या अभ्यासकाच्या साहाय्याने त्याला जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडील मात्सुए या जुन्या शहरात इंग्रजीच्या शिक्षकाची नोकरी मिळाली. ऑगस्ट १८९० ते नोव्हेंबर १८९१ एवढाच काळ तो तेथे राहिला. परंतु त्याच्या मनातील जपान याच शहरात साकार झाला. इझुमो येथील प्राचीन शिंतो देवस्थानाच्या अंतर्भागात प्रवेश मिळालेला तो पहिला पाश्चात्त्य गृहस्थ होय.

मात्सुए येथे १८९१ मध्ये कोइझुमी सेत्सु हिच्याशी त्याचा संसार सुरू झाला. ती सामुराई घराण्यातील होती; मेजी राजवटीतील सुधारणांनंतर सामुराईंचे वंशपरंपरागत तनखे बंद झाल्याने ते घराणे विपन्नावस्थेत होते. पुढे हर्नने कुमामोतो येथील उच्च विद्यालयात अध्यापन केले. ज्यूदोचा संस्थापक कानो जिगोरो हा त्या वेळी तेथील प्राचार्य होता. १८९४ मध्ये हर्न ‘कोबे क्रॉनिकल’ या इंग्रजी पत्रात अग्रलेखक म्हणून गेला. पण डोळ्यांच्या विकारामुळे काही महिन्यांतच त्याला वृत्तपत्रव्यवसायातून कायमचे निवृत्त व्हावे लागले.

पहिल्या मुलाच्या जन्मानंतर (१८९३) विवाहाच्या कायदेशीर स्वरूपाचा प्रश्न त्याच्यासमोर पुन्हा उभा राहिला. जपानमधील तत्कालीन नियमांनुसार परकीयाशी विवाह करणाऱ्या जपानी स्त्रीचे नागरिकत्व जात असे आणि परकीयांना जमिनीची मालकीही मिळत नसे. हर्न ब्रिटिश प्रजाजन राहिला असता, तर सेत्सु व मुले आपल्याच देशात परकी ठरली असती; विवाहाची नोंद न करता तो मरण पावला असता, तर त्यांना वारसाहक्क मिळाला नसता. यावर त्याने पत्नीच्या घराण्यात दत्तक जाण्याचा मार्ग पत्करला व १८९६ मध्ये तो कोइझुमी याकुमो या नावाने जपानी नागरिक झाला. ‘याकुमो’ म्हणजे ‘आठ मेघ’. इझुमो प्रदेशाशी निगडित अशा प्राचीन काव्यातून हे नाव घेतलेले आहे. परकीयांना त्या काळी जपानी न्यायालयांच्या कक्षेबाहेर राहण्याची सवलत होती (१८९९ पर्यंत) व परकीय अध्यापकांना मोठे वेतन मिळे. नागरिकत्वाबरोबर त्याने ही सवलत सोडली व वेतनही धोक्यात घातले.

१८९६ पासून तो टोकिओच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा अध्यापक होता. तेथे त्याला काही वर्षे परकीयाचेच वेतन मिळाले. पण १९०३ मध्ये जुन्या अटींवर नेमणूक चालू ठेवण्यास विद्यापीठाने नकार दिला. विद्यार्थ्यांनी विरोध केला, तरी हर्नला ते पद सोडावे लागले. त्याच्यानंतर तेथे नेमलेल्या अध्यापकांत पुढे कादंबरीकार म्हणून विख्यात झालेला नात्सुमे सोसेकी हा होता. १९०४ मध्ये हर्नने वासेदा येथे अध्यापन सुरू केले. परंतु त्याच वर्षी हृदयविकाराने टोकिओ येथे त्याचे निधन झाले. बौद्ध पद्धतीने त्याचे अंत्यविधी झाले. त्याच्या मालमत्तेवर सेत्सु व चार मुले यांचा हक्क निर्विवाद राहिला. याउलट, १९०६ मध्ये ॲलिथिया फोलीने सिनसिनॅटी येथे पत्नी या नात्याने केलेला दावा तो विवाह मुळातच अवैध होता म्हणून अमान्य झाला.

जपानविषयक लेखन : ग्लिम्प्सेस ऑफ अन्फॅमिलिअर जपान (१८९४, म. शी. अपरिचित जपानची दर्शने) या दोन खंडांतील ग्रंथाने हर्नची कीर्ती झाली. देवळे, बागा, सण, मुलांचे खेळ, विद्यार्थ्यांचे निबंध अशा बारीकसारीक गोष्टींतून त्याने तेथील जीवनाचे चित्र रेखाटले. आउट ऑफ द ईस्ट (१८९५), कोकोरो (१८९६), ग्लीनिंग्ज इन बुद्ध-फील्ड्स (१८९७), इन घोस्टली जपान (१८९९), शॅडोइंग्ज (१९००), कोत्तो (१९०२) हे त्याचे अन्य उल्लेखनीय ग्रंथ होत. कोकोरोतील ‘ॲट अ रेल्वे स्टेशन’ हा काही पानांचा लेख त्याच्यातील बातमीदार शेवटपर्यंत जागा होता याची साक्ष देतो. मारल्या गेलेल्या पोलिसाची विधवा व तिच्या पाठीवरचे मूल आणि पकडून आणलेला खुनी यांची गर्दीसमोर झालेली गाठ त्यात साध्या शब्दांत नोंदविली आहे. सिनसिनॅटीच्या वृत्तान्तांतील भीषणतेची जागा येथे संयमाने घेतली आहे.

क्वाइदान (१९०४) हा अद्‌भुत व भयकथांचा संग्रह सर्वांत अधिक वाचला गेला. हर्नला जपानी ग्रंथ सहजपणे वाचता येत नव्हते. सेत्सु जुनी पुस्तके शोधून आणी, स्वतः वाची व रात्री दिव्याची वात बारीक करून त्याला कथा सांगत असे. पुस्तकातून वाचून न दाखविता तिने आपल्याच शब्दांत कथा सांगावी, असा त्याचा आग्रह असे. उभयतांत बोलली जाणारी मोडकीतोडकी जपानी ‘हेरुन-सान कोतोबा’ (हर्नसाहेबांची भाषा) या नावाने ओळखली जाते. सेत्सुच्या आठवणी १९१४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर या लेखनातील तिचा वाटा स्पष्ट झाला. मासाकी कोबायाशी या दिग्दर्शकाने हर्नच्या चार कथांवर काढलेल्या चित्रपटाला (१९६४) कान येथील महोत्सवात १९६५ मध्ये परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार मिळाला.

ग्लीनिंग्ज इन बुद्ध-फील्ड्समधील ‘अ लिव्हिंग गॉड’ हा लेख वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. जून १८९६ मध्ये ईशान्य जपानच्या किनाऱ्यावर आलेल्या प्रलयंकारी लाटेनंतर तो लिहिला गेला. ‘त्सुनामी’ हा शब्द इंग्रजी वाचकांना परिचित करून देण्यात या लेखाचा मोठा वाटा आहे. समुद्र मागे हटलेला पाहून एक वृद्ध ग्रामप्रमुख टेकडीवरील आपल्या भाताच्या गंजी पेटवितो. आग विझविण्यासाठी वर धावून आलेले गावकरी लाटेपासून वाचतात, अशी ही कथा आहे. ती १८५४ मधील प्रत्यक्ष घटनेवर आधारित असली, तरी तपशील हर्नने बदलले आहेत. मूळ पुरुष हामागुची गोर्यो हा त्या वेळी वृद्ध नव्हता व त्याने गंजी पेटविल्या त्या अंधारात वाट दिसावी म्हणून. पुढच्या लाटेपासून संरक्षणासाठी त्याने बांधविलेल्या बांधाची हकीकत या कथेत नाही. हाच बांध १९४६ च्या लाटेत गावाच्या उपयोगी पडला. तरीही हर्नची कथा जपानी पाठ्यपुस्तकांत रूपांतरित होऊन पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या लक्षात राहिली. १८५४ च्या या घटनेचे स्मरण ठेवून संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ५ नोव्हेंबर हा दिवस त्सुनामी जनजागृती दिन म्हणून जाहीर केला.

मूल्यमापन : हर्नच्या लेखनाच्या मर्यादा या उदाहरणातच दिसतात. प्रभावी कथेसाठी वस्तुस्थितीला मुरड घालण्याची त्याची प्रवृत्ती होती. हर्बर्ट स्पेन्सरच्या उत्क्रांतिविषयक विचारांच्या प्रभावामुळे लोकस्वभावाचे स्पष्टीकरण तो अनेकदा वंशपरंपरेच्या आधारे करतो. जुन्या जपानवरील प्रेमामुळे कारखाने, आरमार व नवी शहरे उभारणारा समकालीन जपान त्याच्या लेखनात गौण ठरतो, असाही आक्षेप घेतला गेला आहे. परंतु त्याचा अखेरचा ग्रंथ जपान : ॲन अटेम्प्ट ॲट इंटरप्रिटेशन (१९०४, म. शी. जपान : एक अन्वयार्थ) पाहता, व्यक्तीवर समूहाचे असलेले कठोर नियंत्रण त्याच्या नजरेतून सुटले नव्हते, असे दिसते. शिवाय ज्यांच्यापुढे तो लिहिण्यासाठी बसला त्यांच्या भाषेवर, श्रद्धांवर व स्वयंपाकघरावर त्याने हसू केले नाही. साम्राज्यांच्या त्या काळात हे वैशिष्ट्य विरळाच म्हणावे लागेल.

मात्सुए येथील त्याचे निवासस्थान जतन करण्यात आले असून त्याशेजारी त्याचे स्मारक-संग्रहालय आहे. त्याच्या जन्मस्थानी, लेफ्काडा बेटावरही, २०१४ मध्ये त्याच्या नावाचे एक केंद्र सुरू झाले. सिनसिनॅटीचे हमाल, लुइझिॲनाचे कोळी, मार्टिनीकच्या मालवाहू स्त्रिया आणि मात्सुएचे शाळकरी विद्यार्थी यांना एकत्र आणणारा समान दुवा म्हणजे त्यांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकणारा हा एका डोळ्याचा स्थलांतरित बातमीदार होय. वृत्तपत्रीय लेखनाला मौखिक परंपरेच्या नोंदीची जोड देणारा लेखक म्हणून त्याचे स्थान टिकून आहे.